मेनूची वाकडी ओळ

कॉम्प्युटर सुरू केला की खाली कोपऱ्यात एक बटण असतं. ते दाबलं की यादी उलगडते. कुठे काय ठेवलंय, काय उघडायचं, मशीन बंद कुठून करायचं, सगळं त्या यादीत. तिला मेनू म्हणतात. हॉटेलातला मेनू वेगळा. तिथे यादी दिसते आणि पदार्थ संपलेला असतो. इथे उलटं. यादी दिसेनाशी होते, पण आतले पदार्थ जागच्या जागी असतात. माझं निम्मं आयुष्य लोकांना एवढंच पटवण्यात गेलं, की बाबांनो, तुमचं काहीही गेलेलं नाही, फक्त दिसत नाहीये.

मी जळगावला एका दुकानात दुरुस्तीचं काम करतो. वेगळी अवघड कामं करणारी माणसं दुकानात आहेत. माझ्या वाट्याला येतात त्या दिसण्याच्या तक्रारी. मेनू उघडला की त्यात काळे चौकोन दिसतात. अक्षरांच्या जागी रिकामे डबे दिसतात. मेनू बंद केला तरी त्याची सावली मागे राहते. कधी तो थरथरतो, कधी उघडतच नाही. बाहेरच्या माणसाला समजेल असं सांगायचं, तर कॉम्प्युटरच्या आत चित्र काढणारा एक भाग असतो, त्याला ग्राफिक कार्ड म्हणतात. काय काढायचं ते त्या कार्डाला समजावून देणारा एक प्रोग्राम असतो, तो ड्रायव्हर. काढलेलं चित्र केबलमधून मॉनिटरपर्यंत जातं. या साखळीत कोणीही चुकलं तरी दोष मेनूवर येतो. नक्की कोण चुकलं ते शोधायचं, हा माझा धंदा.

मी मूळचा देवगडकडचा. आठवीत घरच्या अडचणी आणि गणित यांनी मिळून माझी शाळा सोडवली. मावशीचे यजमान वरणगावला नोकरीला होते, त्यांनी बोलावून घेतलं. निघताना आईने बजावलं होतं, "उनात फिरू नको हां, बाबू." इकडे आल्यावर कळलं की इथे ऊन सोडून फिरायला दुसरी जागाच नाही. मावशीच्या यजमानांनी मला जळगावला नानांच्या दुकानात आणून सोडलं. नाना म्हणाले, "समुद्र सोडून आमच्या तव्यावर आला का रे, कोकण्या?" तेव्हापासून मी कोकण्या. गिऱ्हाइकं भाऊ म्हणतात.

नाना आधी टीव्ही दुरुस्त करायचे, नंतर कॉम्प्युटरकडे वळले. त्यांच्याकडून मी दोन गोष्टी शिकलो. एक म्हणजे, एका वेळी एकच वस्तू बदलून पाहायची. केबल बदलली तर मॉनिटरला हात लावायचा नाही. दोन्ही एकदम बदलले तर बिघाड जातो, पण कोणामुळे होता ते कळत नाही आणि मग तो परत येतो.

दुसरी गोष्ट मजेची होती. नाना टीव्हीचा रंग स्वतः कधी ठरवत नसत. दुकानाच्या मागेच त्यांचं घर. ते स्क्रू फिरवायचे आणि आत तोंड करून ओरडायचे, "अगं, बाहेर ये! बातम्या देणारी कशी दिसतेय?" काकू पिठाचे हात घेऊन दारात येत, क्षणभर बघत आणि सांगत, "कावीळ झालीय तिला." नाना परत स्क्रू फिरवत. "आता?" "आता हळद लागलेली नवरी." मग स्क्रू जरासा मागे. "आता बरी दिसते, जाऊ द्या तिला." तेव्हाच तो सेट गिऱ्हाइकाकडे जायचा.

मी एकदा विचारलं, "नाना, तुम्हाला रंग कळत नाहीत का?"

"कळतात रे. पण बराच वेळ पिवळं पाहिलं की डोळ्याला पिवळंच बरोबर वाटायला लागतं. म्हणून शेवटचं पाहणं नेहमी दुसऱ्याचं."

दुकानात होतो तोवर माझ्याही प्रत्येक मशीनचं शेवटचं पाहणं काकूंकडे असायचं. त्यांना कॉम्प्युटरमधलं काही कळत नाही, आणि म्हणूनच त्यांना नेमकं दिसतं. पुढे नाना मला एकट्याला गावोगाव पाठवायला लागले. बॅगेत स्क्रू ड्रायव्हर होते, केबली होत्या, काकू नव्हत्या.

खान्देशात फिरताना मशीनपेक्षा माणसंच जास्त कळली. असोद्याला एका आबांचं खतं-बियाण्याचं दुकान आहे. दसरा झाला आणि त्यांचा निरोप आला, मेनू उघडला की काळे ठिपके, मग सगळी स्क्रीन चिंध्या झाल्यासारखी. ड्रायव्हर बदलून पाहिला, फरक नाही. मग कॉम्प्युटरचा डबा उघडला. आत ग्राफिक कार्डाच्या पंख्यात झेंडूच्या पाकळ्या, अक्षता आणि सगळ्यावर कुंकवाचा थर. पंखा फिरेना, म्हणून कार्ड तापत होतं, आणि तापलेलं कार्ड वेडंवाकडं चित्र काढत होतं.

"आबा, हे काय?"

"पूजा केली तिची. खंडेनवमीला ट्रॅक्टरची केली, पंपाची केली. हिनं काय घोडं मारलं?"

"पण डब्याच्या वरच्या जाळीतून सगळं आत गेलं ना. पूजा बाहेरून करायची."

आबांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "मले एक सांग, काम ती आतून करते का बाहेरून?"

मी मऊ ब्रशने पाकळ्या काढल्या, आबांनी त्या कागदात घेतल्या आणि तुळशीत नेऊन टाकल्या. पुढच्या दसऱ्याला त्यांनी जाळीवर रुमाल टाकून पूजा केली. नंतर रुमाल काढायचा राहिला, म्हणून मशीन परत तापलं, पण ती वेगळी गोष्ट.

बोदवडला एका शाळेत मेनू पूर्णच गायब झाला होता. मुख्याध्यापक सरांचा चेहरा उतरलेला. बटण दाबलं की काहीच उघडत नव्हतं. पाहिलं तर मेनू उघडत होता, पण दुसऱ्या पडद्यावर. त्यांनी आधी प्रोजेक्टर जोडला होता, तो काढून कपाटात कुलूपबंद केला होता, आणि मशीनला वाटत होतं की प्रोजेक्टर अजून समोरच आहे. मेनू बिचारा इमानाने रोज तिकडे उघडत होता. एक सेटिंग बदललं, मेनू परत आला. सरांनी इतका मोठा श्वास सोडला की टेबलावरचे कागद हलले. असा श्वास ऐकायला मिळतो म्हणून मी या धंद्यात टिकलो असं मला वाटतं. माझा स्वतःचा श्वासही त्याच वेळी सुटतो, कारण मला काळजी करायची सवय आहे. माझ्या हातून कोणाचं काही पुसलं जाईल का, मशीन सुरूच झालं नाही तर, नानांनी उद्यापासून येऊ नको म्हटलं तर. नाना असं कधी म्हणाले नाहीत. पण आठवी शिकलेल्या, घरापासून इतक्या लांब आलेल्या माणसाला दुसरीकडे कोण उभं करणार, हा विचार माझ्या बॅगेत केबलींच्या खाली कायम असायचा.

हे सगळं सांगितलं ते धुळ्याच्या कामाकडे येण्यासाठी.

धुळ्याला एक अक्का राहतात. घराच्या पुढच्या खोलीत त्यांचा लग्नपत्रिकांचा छोटा छापखाना आहे. मजकूर त्या स्वतः कॉम्प्युटरवर जुळवतात, कागदही स्वतः कापतात. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, जवळ आली होती, लग्नांचे दिवस, त्यांच्या हाताला उसंत नव्हती. अशात मेनूने त्रास दिला. मी बसने पोचलो तेव्हा त्या उंबऱ्यातच उभ्या.

"भाऊ, हाऊ मेनू बंद करा तरी त्यानं भूत मांगे राहस!"

खरंच होतं. मेनू मिटला तरी त्याची फिकट आकृती पत्रिकेवर बसून राहायची, नवरदेवाच्या नावावरच. ड्रायव्हर आपोआप बदलला गेला होता, तो त्यांच्या जुन्या कार्डाला मानवत नव्हता. मी आधीचा ड्रायव्हर परत घातला, मशीन बंद करून सुरू केलं. मेनू उघडला, मिटवला. मागे काही नाही.

"गयं भूत!" अक्कांनी हात जोडले आणि त्या चहा ठेवायला निघाल्या.

मी मात्र स्क्रीनकडे बघत राहिलो. भूत गेलं होतं, पण मेनूच्या मधल्या ओळी वाकलेल्या दिसत होत्या. उभी कड मध्यावर फुगल्यासारखी, आणि तिथली अक्षरं कोणी ओल्या अंगठ्याने पुसल्यासारखी. एक बिघाड काढताना मी दुसरा घातला की काय?

नानांच्या नियमाने चाललो. केबल बदलली, ओळी वाकड्याच. जुनी केबल परत लावून मॉनिटर बदलला, आतल्या खोलीतला आणून जोडला. वाकड्याच. मेनूच्या सावल्या, पारदर्शकपणा, असली सगळी सजावट बंद केली. फरक नाही. मग आमची शेवटची परीक्षा. स्क्रीनवर जे आहे त्याचं मशीनलाच चित्र टिपायला लावायचं आणि ते चित्र दुसरीकडे उघडायचं. चित्र सरळ दिसलं तर दोष मॉनिटरचा किंवा केबलचा. चित्रही वाकडं असलं तर दोष आतला. मी ते माझ्या फोनवर घेतलं आणि उघडलं. वाकडं. म्हणजे दोष आतलाच, म्हणजे माझाच.

नानांना तेच चित्र पाठवलं आणि फोन केला. "नाना, मेनू मधे कुठे वाकतोय ते बघा."

"कोकण्या, सरळ आहे रे. तू जेवला का?"

"नाना, नीट बघा."

"काकूला पण दाखवलं. सरळ म्हणते. आधी जेव."

मला वाटलं, नानांचं वय झालं. तोवर अक्का चहा घेऊन आल्या. माझा चहा निवला, तरी मी हललो नाही म्हणून त्यांनी विचारलं, "आते काय बाकी शे?"

"अक्का, ओळी वाकड्या दिसतायत."

"कोठे?"

"इथे, मधे."

त्यांनी चष्मा पुसला, वाकून पाहिलं. "माले ते सरळच दिखस."

"तुम्हाला सवय झालीय, म्हणून."

हे बोलायला नको होतं. अक्कांनी कप ठेवला. "सवय? मी दिवसभर कागद कापते. एक सूत वाकडं गेलं की नवरीचा बाप दारात उभा राहतो. माले वाकडं-सरळ शिकाडस?"

असं म्हणून त्यांनी कागद कापायच्या टेबलावरची पोलादी पट्टी उचलली आणि मेनूच्या कडेला लावून धरली. कडेला कड.

"दख."

मी पाहिलं. आणि जे दिसलं ते तसंच सांगितलं.

"अक्का, पट्टी वाकडी आहे."

आधी त्या हसतील असं मला वाटलं. त्या हसल्या नाहीत. पट्टी डोळ्यासमोर आडवी धरून त्यांनी तिच्या कडेवरून नजर फिरवली, मग ती टेबलाच्या काचेवर ठेवली. पट्टी काचेला सगळीकडून चिकटली होती, खाली कुठे फट नव्हती. हे मला दिसत होतं. तरीही मधे ती फुगलेलीच दिसत होती.

"एक डोया झाक," अक्का म्हणाल्या.

मी उजवा डोळा झाकला. पट्टी सरळ, टेबल सरळ, मेनू सरळ, अक्षरं काळीभोर. मग डावा झाकला. सगळं मधे वाकलं आणि अंगठ्याने पुसल्यासारखं धूसर झालं.

मी पुन्हा एकदा करून पाहिलं. मग हात मांडीवर ठेवून बसून राहिलो. अलीकडे स्टँडवरच्या बसच्या पाटीतलं मधलं अक्षर मला गाळल्यासारखं दिसायचं, तेव्हा वाटायचं की पाटीचा रंग उडालाय. बाजारातली केळी मळकट दिसायची, वाटायचं या वर्षी मालच तसा. एवढ्या साखळीत मी सगळं तपासलं होतं. साखळीच्या टोकाला बसलेला मी तेवढा राहिलो होतो.

"अक्का, माझं काम डोळ्यांचंच आहे," मी म्हणालो.

"चाल, ऊठ." त्यांनी दाराला कडी घातली, पत्रिका तशाच टेबलावर, आणि स्कूटर काढली. "मना मांगे बस. आनी डोया चोळू नको."

मागे बसून जाताना मी मनात एकच गोष्ट उलटसुलट करत होतो. डोळा गेला तर नानांना काय सांगायचं. आईला काय सांगायचं. मेनू बघता येत नाही अशा माणसाला कोण कशासाठी ठेवून घेईल. धुळ्याचे रस्ते सरळ आणि रुंद आहेत, सगळे सांगतात. त्या दिवशी मी ते तपासायला डोळाच उघडला नाही.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी थेंब घातले, बसवून ठेवलं, मग आत घेऊन खूप वेळ दिव्याने आत पाहिलं. मशीनवर फोटो काढला. मग त्यांनी बारीक चौकटी छापलेला एक कागद समोर धरला. मॉनिटर तपासायला आम्हीही अगदी असंच चौकटीचं चित्र लावतो. मला उगाच थोडा धीर आला, ही बाई आपल्याच धंद्यातली आहे असं वाटलं.

"मधल्या चौकटी कशा दिसतात?"

"पाण्यात बुडाल्यासारख्या."

"पाणीच आहे," त्या म्हणाल्या. "डोळ्याच्या आत मागे एक पातळ थर असतो, चित्र त्याच्यावर उमटतं. त्या थराखाली थोडं पाणी साचलंय. तो मधे उचलला गेला की सरळ रेघ वाकडी दिसते."

"डोळा जाईल का?"

"बहुतेकांचं हे पाणी आपोआप ओसरतं. वेळ लागतो, काही आठवडे, कधी महिने. नाही ओसरलं तर उपाय आहेत. पण दाखवायला येत राहा, अंगावर काढू नका. अंगदुखीच्या पुड्या, इंजेक्शनं, असलं काही घेता?"

"नाही."

"झोप येते? काळजी फार करता का? असल्यानेही हे पाणी साचतं."

मी तोंड उघडायच्या आत अक्का म्हणाल्या, "बाई, हाऊ सरळ मेनूनी बी काळजी करस!"

डॉक्टरीणबाई हसल्या. मलाही हसू आलं आणि हसताना डोळ्यांतून थेंबांचं औषध गालावर आलं. निदान मी अक्कांना तसं सांगितलं, ते औषध होतं म्हणून.

काळजी करू नका, हेच मुख्य औषध होतं. दुसऱ्या दिवसापासून मी काळजी तर करत नाही ना, याची काळजी करायला लागलो.

जळगावला परतलो. नानांसमोर उभा राहून सगळं एका दमात सांगितलं, अगदी शेवटी "तुम्ही दुसरा माणूस बघत असाल तर" असंही म्हणून टाकलं. नाना हातातल्या मशीनचा स्क्रू घट्ट करत होते. तो त्यांनी पूर्ण बसवला.

"म्हणजे कार्ड जळालेलं नाही," ते म्हणाले. "ओल आलीय."

"हो."

"मग वाळेल. वाळेपर्यंत तू बाहेरगावी जायचं नाही, दुकानात बसायचं. डावा चालतोय ना? आणि शेवटचं पाहणं काकूचं, पहिल्यासारखं." मग आत तोंड करून ओरडले, "अगं, तुला परत नोकरी लागली!"

काकू आता हळू चालतात. दारापर्यंत येऊन चौकटीला धरून उभ्या राहायच्या, मी मेनू उघडून दाखवायचो आणि त्या सांगायच्या, "सरळ आहे. जेवायला ये." भरीत आणि कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकरी मी त्या दिवसांत जितकी खाल्ली तितकी आधीच्या सगळ्या वर्षांत खाल्ली नसेल. काकूंचं म्हणणं होतं की डोळ्यातल्या पाण्यावर भरीत औषधी असतं. डॉक्टरीणबाईंना मी विचारलं नाही.

चौकटींचा कागद मी खोलीच्या दाराला चिकटवला होता. रोज सकाळी डावा डोळा झाकून बघायचो. पाण्यात बुडालेल्या चौकटी तशाच असायच्या. मग कधीतरी वाटलं, फुगवटा जरा बसलाय. लगेच शंका आली, डोळ्याला वाकड्याचीच सवय झाली असेल, नाना म्हणायचे तशी. तपासणीला गेलो तेव्हा डॉक्टरीणबाईंनी आधीचा फोटो आणि नवा फोटो शेजारी ठेवले. पाणी कमी झालं होतं. पुढच्या खेपेला जवळजवळ नव्हतंच. आईला मी तेव्हा सांगितलं. ती फोनवर म्हणाली, "आता बरो आसा मां?" मी म्हटलं, बरो आसा. त्या डोळ्याला तांबडा रंग अजून किंचित फिका दिसतो, पण ते मी तिला सांगितलेलं नाही.

नानांनी परत बाहेरगावी पाठवायला सुरुवात केली तेव्हा पहिला निरोप नेमका अक्कांचाच. मेनूत अक्षरं दिसत नाहीत, सगळे डबे दिसतात. आता मी कुठेही गेलो की आधी गिऱ्हाइकाला स्क्रीनसमोर बसवतो आणि विचारतो, तुम्हाला काय दिसतं ते सांगा. लोकांना वाटतं ही पद्धतच आहे. आहेच.

अक्कांकडे ते विचारायची वेळ आली नाही. मी बॅग खाली ठेवेपर्यंत त्यांनी मेनू उघडला होता आणि पोलादी पट्टी त्याच्या कडेला लावून धरली होती.

"दख."

मी डावा डोळा झाकला. उजव्याने वरून खालपर्यंत पाहिलं, सावकाश.

"सरळ."

"नक्की?"

"सरळ आहे, अक्का. पट्टी पण."

"मंग बठ. च्या ठेवस."

त्या चहा ठेवायला आत गेल्या. मी खुर्ची ओढून मेनूकडे बघत बसलो. काही विचारू नका इतका बिघडला होता. मराठी अक्षरांचा संचच मशीनमधून गेलेला, एकही शब्द वाचता येत नव्हता, वरपासून खालपर्यंत नुसते रिकामे डबे. पण एकूण एक डबा चौकोनी होता, चारही बाजूंनी सरळ.